फरसबंदीवर कोरलेला राजाचा खेळ : यरुशलेममधील 'एच्चे होमो' मठाची भेट

यरुशलेमच्या जुन्या शहरात सिंहद्वारातून आत शिरून दुःखमार्गाने, म्हणजे येशूने वधस्तंभ वाहून नेला असे मानतात त्या वाटेने, पश्चिमेकडे चालू लागले, की थोड्याच अंतरावर रस्त्यावर आडवी टेकलेली एक दगडी कमान दिसते. तिच्या उजव्या हाताला सियोनच्या धर्मभगिनींचा मठ आहे. रोमन सुभेदार पिलाताने काट्यांचा मुकुट आणि जांभळा झगा घातलेल्या येशूला लोकांसमोर आणून "पाहा, हा मनुष्य!" असे म्हटले, ते याच कमानीवरून, अशी जुनी श्रद्धा आहे, त्या वाक्याचे लॅटिन रूप 'एच्चे होमो' म्हणून कमानीला आणि मठालाही तेच नाव पडले. २०१९ सालच्या मार्चमध्ये, लेंतच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या दिवसांत, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील आमच्या मंडळीच्या गटाबरोबर मी येथे पहिल्यांदा गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच पुन्हा जायला निघालो. एकटा असे म्हणतो खरा, पण गटातील एक मावशी दारातच येऊन उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा आम्ही दोघे गेलो. त्या दोन भेटींवरून हे लिहीत आहे.

पहिली भेट वीस मिनिटांची होती. आमच्या सहलीची आखणी ज्यांनी केली होती त्यांनी एका दिवसात अकरा ठिकाणे बसवली होती, त्यामुळे जिन्याने खाली उतरणे, मोजणी होणे आणि वर येणे एवढेच घडले. सोबतच्या वाटाड्याने तळघरातील दगडांकडे बोट दाखवून, येशूची थट्टा झाली ती नेमकी याच दगडांवर, असे ठामपणे सांगितले. लोकांनी गुडघे टेकले, दोघींनी पदराने दगड पुसून तो पदर कपाळाला लावला. वर येताना मठातील एका वयस्क धर्मभगिनीला आमच्या पाळकसाहेबांनी सहज विचारले, तर तिने अगदी शांतपणे सांगितले की ही फरसबंदी येशूच्या काळातील नाही, सुमारे शंभर वर्षांनंतरची आहे. गटात एकदम सन्नाटा पसरला. मावशी बसमध्ये मला म्हणाल्या, "अरे, मग आपण इतक्या लांब आलो कशासाठी?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायलाच मी दुसऱ्या दिवशी गेलो, आणि ज्यांना येथे जायचे आहे त्यांनी आधी ही गोष्ट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण ती समजल्यावर जागेचे मोल कमी न होता वाढते.

प्रवेशासाठी अल्प शुल्क आहे. पायऱ्या उतरल्यावर प्रथम एक प्रचंड दगडी टाके लागते. यहुदी इतिहासकार योसेफस याने त्याचा उल्लेख स्ट्रुथियन, म्हणजे चिमणीचे टाके, असा केला आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमला वेढा घातला तेव्हा यहुदी मंदिरालगतच्या अंतोनिया किल्ल्यावर चाल करण्यासाठी जे मातीचे बांध उभारले, त्यांतील एक याच टाक्यातून उभारला होता, असे तो लिहितो. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की बांध घालायचा तर टाके वरून उघडे असले पाहिजे. आज मात्र त्याच्यावर कमानदार दगडी छत आहे आणि त्या छताच्या आधारावर फरसबंदी आहे. याचा अर्थ फरसबंदी सन ७० च्या नंतरची. सम्राट हेड्रियनने इ.स. १३५ च्या सुमारास उद्ध्वस्त यरुशलेमवर एलिया कॅपिटोलिना नावाचे रोमन नगर वसवले, तेव्हाच्या चौकाचे हे दगड, आणि वरची कमान म्हणजे त्याच काळातील तीन कमानींच्या वेशीची मधली कमान. तिची उत्तरेकडची लहान कमान मठाच्या मंदिरात वेदीमागे जपलेली आहे. विसाव्या शतकात पुष्कळ अभ्यासकांनी, आणि या मठातील एका विदुषी भगिनीनेही, हीच योहानाच्या शुभवर्तमानातील 'फरसबंदी', म्हणजे पिलात न्यायासनावर बसला ती गब्बाथा नावाची जागा, असे मोठ्या परिश्रमाने मांडले होते. पुढे डोमिनिकन पंडित पिएर बेन्वा यांनी ते मत खोडून काढले. पिलाताचा न्यायनिवाडा शहराच्या पश्चिमेला, याफो वेशीजवळच्या हेरोदाच्या वाड्यात झाला असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या मठाची सारी कीर्ती त्या जुन्या मतावर उभी होती, त्या मठातील भगिनी विचारणाऱ्याला हे सरळ सांगतात, ही या जागेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. श्रद्धास्थानाच्या दारात उभे राहून इतके खरे बोलायला धैर्य लागते.

टाक्यावरून पुढे गेले की फरसबंदीचे दालन येते. छत ठेंगणे आहे, हवा दमट आहे, उजेड मंद असला तरी पुरेसा आहे. दगड मोठमोठे, गुळगुळीत झालेले. काही दगडांवर घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या आहेत आणि पावसाचे पाणी खालच्या टाक्यात नेणाऱ्या पन्हळी आहेत. मध्येच एका दगडावर, पहिल्या नजरेस न पडणाऱ्या, कोणीतरी टोकदार वस्तूने ओरखडलेल्या रेघा आहेत. चौकटी, वर्तुळ, आणि ग्रीक बीटा अक्षर. बासिलेउस म्हणजे राजा, त्याचे ते आद्याक्षर, असे समजून या आकृतीला 'राजाचा खेळ' म्हणतात. पहाऱ्यावरचे शिपाई वेळ घालवायला सोंगट्या खेळत. आणि अशाच एखाद्या खेळात कैद्याला राजा करून, त्याची खोटी पूजा करून, मग त्याला मृत्यूकडे पाठवत, अशी परंपरा सांगितली जाते. ही परंपरा या विशिष्ट दगडापुरती सिद्ध झालेली नाही. सोंगट्यांचे असे पट रोमन साम्राज्यात ठिकठिकाणच्या फरशांवर सापडले आहेत.

मी त्या रेघांजवळ बराच वेळ बसून राहिलो आणि मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील त्या ओळी आठवू लागलो, ज्या आम्ही लहानपणापासून उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत ऐकत आलो. सुभेदाराच्या शिपायांनी येशूला वाड्यात नेले, सगळी तुकडी भोवती जमवली, किरमिजी झगा घातला, काट्यांचा मुकुट गुंफला, हातात वेत दिला, आणि गुडघे टेकून "हे यहूद्यांच्या राजा, नमस्कार!" असे म्हणत थट्टा मांडली. आपल्या मराठी शास्त्रात पिलाताला सुभेदार म्हटले आहे, आणि त्या एका शब्दामुळे ते दृश्य मला नेहमीच आपल्याकडच्या एखाद्या गढीच्या आवारात घडल्यासारखे दिसते. पण या दगडापाशी एक गोष्ट नव्याने कळली. शिपाई येशूवर विशेष रागावलेले नव्हते. त्यांना कंटाळा आला होता. हातात एक दुबळा मनुष्य सापडला होता, त्याच्यामागे बोलणारे कोणी नव्हते, आणि त्यांना एक खेळ येत होता. थट्टेमध्ये जी क्रूरता असते ती बहुतेक वेळा अशीच असते, द्वेषाने पेटलेली नव्हे, तर वेळ घालवण्यासाठी केलेली. आणि म्हणूनच ती सोसणाऱ्याला ती अधिक लागते, कारण समोरच्याच्या लेखी आपल्या वेदनेला शत्रुत्वाएवढीही किंमत नसते.

आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या उपदेशांत मी फारशी ऐकली नाही. शिपाई 'राजा' म्हणून हसले नाहीत, 'यहूद्यांचा राजा' म्हणून हसले. आलेक्सांद्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने इ.स. ३८ मधील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. यहुदी राजा अग्रिप्पा त्या शहरात आला असता जमावाने काराबास नावाच्या एका वेडसर, निरुपद्रवी माणसाला धरून व्यायामशाळेत नेले, लव्हाळ्याच्या पानाचा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला, चटई अंगावर पांघरली, काठी राजदंड म्हणून हातात दिली आणि त्याला "स्वामी, स्वामी" म्हणून मुजरे केले. त्यानंतर त्या शहरातील यहूद्यांची घरे आणि प्रार्थनास्थळे यांच्यावर हल्ले झाले. काराबासाचा त्यात काही संबंध नव्हता. त्याच्या अंगावरून एका अख्ख्या समाजाला हिणवायचे होते. वधस्तंभावर लावलेली 'यहूद्यांचा राजा' ही पाटीदेखील अशीच वाचली पाहिजे. येशूची थट्टा होत होती तेव्हा त्याच्या जातीची, त्याच्या भाषेची, त्याच्या लोकांच्या आशेची थट्टा होत होती.

हे समजले आणि मला माझी आजी आठवली. ती बायबलबाई होती. नेवासे तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना वाचायला शिकवायची आणि शुभवर्तमानातील गोष्टी सांगायची. तिला गावोगाव 'बाटगी' म्हणून हाक मारत, दुष्काळात मिशनचे दाणे खाऊन बाटलेल्यांची नात म्हणून चिडवत, पोरे मागून गाणी म्हणत. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या घराला जी निंदा सोसावी लागली ती मराठी वाचकाला ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ती विलक्षण मोकळेपणाने लिहून ठेवली. त्यांना मानाच्या जागेवरून खाली यावे लागले होते. माझ्या आजीच्या घराण्याला मानाची जागा कधी नव्हतीच. मी एकदा तिला विचारले होते की लोक बाटगी म्हणत तेव्हा वाईट वाटत नसे का, त्यावर ती म्हणाली होती, "बाटगी म्हणायला लागले ते नंतर. आधी काय म्हणत होते ते तुला माहीत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आधी म्हणायचे तेव्हा माझ्याबरोबर कोणी नव्हतं."

तिच्या या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला त्या तळघरात उमगला. दुःखात अर्थ असतो असे आपण फार सहज म्हणतो. मला तसे वाटत नाही. शिपायांनी केलेल्या थट्टेत कोणताही अर्थ नव्हता. ती निरर्थक आणि नीच होती, आणि देवाला ती हवी होती असे मानणे मला जमत नाही. अर्थ आला तो ज्याने त्या वर्तुळात उभे राहायचे पत्करले त्याच्यामुळे. हसणाऱ्यांच्या तुकडीत देव नव्हता, ज्याला हसत होते त्याच्या जागी तो होता, आणि तेव्हापासून ती जागा रिकामी राहिलेली नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त हा यहूद्यांना अडखळण व हेल्लेण्यांना, म्हणजे ग्रीकांना, मूर्खपणा आहे असे मान्यच करून टाकले. त्याने तो हास्यास्पद वाटू नये अशी काही सजावट केली नाही. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवरचे ओरखडे सापडले आहेत, त्यांत गाढवाचे डोके असलेला एक मनुष्य क्रुसावर आहे, त्याच्यापुढे एक मुलगा हात उंचावून उभा आहे आणि खाली ग्रीकमध्ये लिहिले आहे की आलेक्सामेनोस देवाची उपासना करतो. ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते काढले हसणाऱ्याने. शेजारच्या खोलीत दुसऱ्या हाताने दोनच शब्द लिहिलेले आढळले : आलेक्सामेनोस विश्वासू. त्या मुलाने उत्तर म्हणून लिहिले की त्याच्या सोबत्याने, हे कळायला मार्ग नाही, पण त्या उत्तरात उलट शिवी नाही.

येथे एक इशारा मला द्यावासा वाटतो, कारण आपल्या मंडळ्यांत या शिकवणुकीचा दुरुपयोग मी पाहिला आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "आपला वधस्तंभ उचल" असे सांगणारे उपदेशक आहेत. मजुरी बुडवणाऱ्या मालकाविरुद्ध बोलू नये म्हणून येशूच्या मौनाचा दाखला देणारेही आहेत. त्यांनी योहानाचा अठरावा अध्याय वाचावा. मुख्य याजकासमोर एका कामदाराने येशूला चपराक मारली तेव्हा, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, योग्य बोललो असेन तर का मारतोस, असे त्याने विचारले होते. ज्याने थट्टा सोसली त्यानेच हा प्रश्नही विचारला, आणि दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय त्याचे दुःख समजत नाही.

या मठाचा स्वतःचा इतिहासही याच विषयाचा एक भाग आहे आणि तेथील माहितीफलक वाचण्याइतका वेळ प्रत्येकाने काढावा. स्ट्रासबर्गच्या एका यहुदी कुटुंबातील तेओडोर आणि आल्फोन्स रातिस्बोन हे दोघे भाऊ कॅथलिक झाले. त्यांनी सियोनच्या भगिनींचा संघ उभारला आणि आल्फोन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही पडीक जागा विकत घेतली. यहूद्यांनी ख्रिस्ती व्हावे म्हणून प्रार्थना करणे हे त्या संघाचे मूळ काम होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रोममधील त्यांच्या मठाने यहुदी कुटुंबांना लपवले, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर ठेवता येत नाही असे स्पष्ट केल्यानंतर या भगिनींनी आपले कामच बदलले. आज त्या यहुदी शास्त्राचा अभ्यास करतात, यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यातील संवादासाठी झटतात. शतकानुशतके उत्तम शुक्रवारच्या आसपास युरोपातील ख्रिस्ती जमाव यहूद्यांच्या वस्त्यांवर चालून जात असत. ज्याचा 'यहूद्यांचा राजा' म्हणून उपहास झाला, त्याच्या नावाने त्याच्याच लोकांचा उपहास झाला, यापेक्षा भयंकर विपर्यास मला ठाऊक नाही. आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल शेकडो वर्षे गावकऱ्यांत सुखाने राहिले. त्यांच्यातील पुष्कळ लोक आज इस्राएलात मराठी बोलतात. हे मी मावशींना सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे ते आपलेच की."

व्यवहाराच्या काही गोष्टी. किमान दीड तास राखून ठेवावा. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि काही जागी ओल असते, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सावकाश उतरावे व पायांत पक्की चपला-बूट असावेत. गटांची गर्दी दुपारकडे वाढते. आम्ही दार उघडताच गेलो तेव्हा अर्धा तास आमच्याशिवाय तेथे कोणीही नव्हते, आणि त्या शांततेसाठी पहाटे उठणे पूर्णपणे सार्थकी लागले. गटाला दालनात प्रार्थना करायची असल्यास आधी कळवलेले बरे. मठाचे अतिथिगृहही आहे. आम्ही तेथे मुक्काम केला नाही, पण गच्चीवर जाण्याची संधी मिळाली, आणि तेथून 'डोम ऑफ द रॉक' या मुस्लिम वास्तूचा सोनेरी घुमट इतका जवळ दिसतो की मावशींनी काही वेळ बोलणेच सोडले. शेजारी फ्रान्सिस्कन संघाचे, येशूला मारलेल्या फटक्यांच्या स्मरणार्थ असलेले, फटक्यांचे मंदिर आहे. १९२९ मध्ये वास्तुविशारद बार्लुत्सी यांनी ते नव्याने बांधले आणि त्याच्या घुमटात काट्यांचा मुकुट साकारला आहे. ते सुंदर आहे, पण माझे मत विचाराल तर त्या सोनेरी नक्षीत काटे फार देखणे झाले आहेत. ओरखडलेल्या दगडाने मला जे सांगितले ते तिने सांगितले नाही. पवित्र कबरेच्या मंदिरात मागच्या अंगाला उपहासाचे म्हणून एक लहानसे प्रार्थनालय आहे, तेथेही दोन मिनिटे थांबावे, बहुतेक गट ते न पाहताच पुढे जातात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्या भूमीवर जे ओढवले आहे ते ध्यानात घेता प्रवासाचा बेत करण्यापूर्वी परिस्थितीची आणि मठाच्या वेळांची नीट चौकशी करावी. सहल आखणाऱ्यांकडे मात्र एक आग्रह जरूर धरावा : वाटाड्याने खरे तेच सांगावे. आमच्या लोकांना सत्य पेलत नाही असे समजून त्यांना गोड कथा सांगणे, हाही त्यांचा एक प्रकारे अवमानच आहे.

निघण्यापूर्वी मावशी पुन्हा त्या पटाजवळ गेल्या. आदल्या दिवशी पदराने दगड पुसणाऱ्या दोघींपैकी त्या एक होत्या. या वेळी त्यांनी पदर लावला नाही. खाली बसून त्यांनी एक बोट त्या रेघांवरून हळूहळू, पाटीवर अक्षर गिरवावे तसे फिरवले आणि आदल्या दिवशीची ती भगिनी जवळून जात होती, तिला विचारायला मला सांगितले की या खेळात राजा कोण व्हायचा, जिंकणारा की हरणारा. मी मोडक्या इंग्रजीत विचारले. भगिनीने मान हलवली आणि म्हणाली की या खेळाचे नियम कोणालाच ठाऊक नाहीत. मावशींनी ते ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला, आणि मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या पायऱ्या चढू लागल्या.